घाटावरचा नाताळ

जुन्नरच्या लेण्यांतून सावकाश हिंडणाऱ्या जिज्ञासूला तेथील ब्राह्मी शिलालेखांत ज्या दात्यांची नावे वाचावयास मिळतात, त्यांत इरिल, चिट आणि चंद हे तिघे यवन म्हणून नोंदलेले आहेत. आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, सोपारा-कल्याणच्या बंदरांपासून नाणेघाटापर्यंतची व्यापारी वाट नांदती असताना या नगरीत स्थिरावलेल्या त्या परदेशीयांपैकी एकाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाक्या, दान केल्या, दुसऱ्याने संघाला भोजनमंडप करून दिला, ही गोष्ट मला या भूमीच्या स्वभावाची साक्ष वाटते. परका येथे आला, त्याने पाण्याची आणि जेवणाची सोय केली, आणि त्याचे नाव येथल्याच लिपीत, येथल्याच दगडावर कोरले गेले. शिवनेरीच्या छायेत वसलेल्या या कसब्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सातवाहन, निजामशाही आणि भोसले यांच्या पराक्रमाची पाने विपुल लिहिली, आणि ती लिहावयास हवीच होती. परंतु घाट चढून आलेल्या एका सणाने या मुलखातल्या थोड्याशा घरांत कोणते रूप धारण केले, याचा उल्लेख त्या पानांत अभावानेच आढळतो. तो सण म्हणजे नाताळ.

जुन्नर आणि आंबेगाव हे आज दोन स्वतंत्र तालुके आहेत. इंग्रजी अंमलात आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेटा होता आणि घोडेगाव हे त्याच्या कचेरीचे ठिकाण होते. पश्चिमेस सह्याद्रीची धार, हिरड्याची झाडे आणि भाताची खाचरे, पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठची बाजरीची आणि बागायतीची जमीन, असा हा उतरता प्रदेश आहे. ख्रिस्ती वस्ती येथे पूर्वीपासून विरळच. तेव्हा येथील नाताळाची कुळकथा सांगू म्हणणाऱ्याला घाटाखाली वसई-गोव्याकडे आणि पूर्वेस अहमदनगराकडे वारंवार दृष्टी टाकावी लागते, कारण ह्या दोन दिशांनीच हा सण मराठी मुलखात शिरला, आणि त्या दोन दिशांचे नाताळ एकमेकांपासून फार भिन्न होते.

घाटाखालचा नाताळ पुरातन. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत राहिला आणि गोव्यात तो त्याहून कितीतरी अधिक टिकला. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, येथली भाषा शिकला, आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे ख्रिस्तपुराण मुद्रित झाले. बेथलेहेमच्या गोठ्यातील जन्माची कथा मराठी ओवीत सविस्तर वर्णिली गेली ती या ग्रंथात. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाणीने घडलेल्या छंदात तो प्रसंग अवतरला, आणि ऐकणाऱ्याला तो ओळखीचा वाटला असला पाहिजे. पुढे चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तरी तेथील ख्रिस्ती रयतेचा नाताळ बंद पडला नाही. पुण्यात तर पेशव्यांच्या चाकरीतील गोवेकर-पोर्तुगीज ख्रिस्ती शिपाई-सरदारांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ साली नाना पेठेच्या अंगाला प्रार्थनामंदिर उभे राहिले, जे आज सिटी चर्च म्हणून ओळखले जाते. शनिवारवाड्याचा दरारा हिंदुस्थानभर असताना त्याच शहरात, श्रीमंतांच्या अनुज्ञेने, ख्रिस्तजन्माची उपासना होत होती, हे आपल्या मुलांना शाळेत शिकविले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

घाटावरच्या नाताळाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिच्यात एक असा विरोधाभास आहे की, ज्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. १८१३ साली मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी १८३१ च्या अखेरीस अहमदनगरास पोहोचले, आणि तेथून त्यांचे काम गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात पसरले. स्कॉटिश मिशनरींनी १८२३ साली कोकणात बाणकोटास ठाणे घातले आणि पुढे मुंबई-पुण्यास शाळा उघडल्या. मराठी देशातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाची पायाभरणी मुख्यत्वे या दोन मिशनांनी केली. पण हे दोघेही ज्या परंपरेतून आले होते, तिच्यात नाताळ नव्हताच म्हटले तरी चालेल! अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडचे, तेथील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि दंड उठल्यावरही त्या कडव्या पंथाच्या मनातली अढी दीडशे वर्षे गेली नाही. बायबलात जो दिवस सांगितलेला नाही तो पवित्र का मानावा, असा त्यांचा सवाल असे. स्कॉटलंडात तर नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली. याचा अर्थ असा की, अहमदनगरास उतरलेल्या त्या पहिल्या पाद्रीसाहेबाच्या पेटीत बायबल होते, औषधे होती, मुद्रणाचा ध्यास होता, १८४२ साली ज्ञानोदय पत्र काढण्याची उमेद होती; घरगुती नाताळ मात्र त्या पेटीत नव्हता.

जुन्नरची गोष्ट येथे वेगळी पडते. चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधील संस्था; तिने १८२० साली मुंबईस, १८३२ साली नाशकास आणि १८४६ च्या सुमारास जुन्नरास ठाणे घातले. या पंथाच्या प्रार्थनापुस्तकात वर्षाचे पंचांग आखलेले असे आणि पंचवीस डिसेंबर हा त्यातला नेमलेला सण असे, म्हणून जुन्नरात नाताळ आला तो देवळाच्या दस्तुराबरोबर आला. पण देवळातली उपासना निराळी आणि घरातला सण निराळा. आज ज्याला आपण विलायती घरगुती नाताळ समजतो, तो झाड, भेटी, कार्डे आणि केकसह त्या काळी खुद्द विलायतेतही नव्यानेच आकार घेत होता. डिकन्सची नाताळची सुप्रसिद्ध गोष्ट छापली गेली १८४३ च्या डिसेंबरात. नाताळचे पहिले विक्रीचे कार्ड त्याच वर्षीचे. आणि विंडसरच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स आल्बर्ट आणि त्यांची मुले सजविलेल्या झाडाभोवती उभी आहेत, हे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात १८४८ साली आल्यावर मध्यमवर्गीय इंग्रज घरांत झाड लावण्याची चाल फैलावली. जुन्नरचे मिशन हे त्या चित्राहून वयाने मोठे आहे! तेव्हा तयार विलायती सण जसाच्या तसा आणून मराठी घरावर लादला गेला, हा समज इतिहासाला धरून नाही. लादण्याजोगे काही तयारच नव्हते. जे घडले ते येथल्या स्त्रियांनी, येथल्या चुलीवर घडविले.

मधल्या काळात बिगरख्रिस्ती रयतेला नाताळ ठाऊक झाला तो साहेबाचा सण म्हणून. कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यावर त्या दिवशी हाताखालचे अंमलदार, शहरातले सावकार आणि मक्तेदार मुजऱ्यास जात आणि डाली पाठवीत; डाली म्हणजे वेताच्या टोपलीत रचलेली फळे, मिठाई, सुका मेवा, त्यावर झेंडूचे हार. फळेफुले याउपर साहेबाने काही घेऊ नये असा सरकारी दंडक असे, आणि तो दंडकच सांगतो की टोपलीच्या तळाशी कधीकधी काय जाऊ पाहत असेल. या डालीत प्रेम थोडे आणि गरज फार. तिचे नाव भेट असले तरी तिला भेट म्हणण्यास मन धजत नाही. साहेबाच्या नाताळाने एक उपकार मात्र केला. कचेऱ्या आणि कोर्टे बंद राहिल्यामुळे वकील, शिक्षक आणि कारकून यांना वर्षअखेरीस एकत्र जमण्यास सवड मिळाली, आणि राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ साली मुंबईस भरले ते याच सुट्टीत, अठ्ठावीस डिसेंबरास.

आता घरात शिरू. धर्मांतर केलेल्या कुटुंबाला मिशनची पहिली अट असे ती जुने सण सोडण्याची. दसरा सुटला, संक्रांत सुटली, दिवाळी सुटली. परंतु जी बाई काल-परवापर्यंत आश्विनात करंज्या वळत होती, तिच्या हातातला तो गुण कोठे जाणार? दिवाळी गेली, फराळ राहिला. आणि तो दीड-दोन महिने पुढे सरकून डिसेंबरात येऊन बसला. अहमदनगर, पुणे, नाशिक या टापूतील मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधीच्या आठवड्यात आजही तेच चित्र दिसते: शंकरपाळे, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, शेव आणि करंज्या. याला केवळ सवय म्हणून चालणार नाही. त्यामागे हवामान आहे, भांडी आहेत, शेतीचे चक्र आहे. घाटावर कोरडी थंडी, त्यामुळे तळलेला जिन्नस पंधरा-वीस दिवस सहज टिकतो. खरिपाची बाजरी घरात आलेली, पश्चिमेकडच्या मावळातून नवा तांदूळ उतरलेला, गुऱ्हाळे सुरू होऊन नवा गूळ बाजारात आलेला; म्हणजे सण करण्यास लागणारी सुबत्ता, कितीही बेताची असो, नेमकी याच सुमारास हाताशी येते. शिवाय नाताळ पडतो तो धुंधुरमासात, जेव्हा शेजारच्या हिंदू घरांत पहाटे उठून, उन्हे वर येण्यापूर्वी, मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोणी यांचा नैवेद्य होतो. पहाटेची थंडी, चुलीचा जाळ आणि लवकर न्हाऊन-धुऊन तयार झालेली मुले हे दृश्य दोन्ही घरांत एकच असते. एका घरातली मंडळी देवापुढे बसतात, दुसऱ्या घरातली देवळाची वाट धरतात.

करंजीचेच पाहा. मैद्यात बारीक रवा मिसळून, तुपाचे मोहन घालून, दुधात भिजविलेला घट्ट गोळा दोन तास ओल्या फडक्याखाली ठेवायचा. मग पाट्या-वरवंट्यावर तो कुटून मऊ करायचा. सुक्या खोबऱ्याचा कीस गुलाबीसर भाजायचा, खसखस वेगळी भाजायची, वेलदोडा आणि पिठीसाखर घालून सारण कोरडे ठेवायचे, कारण ओले राहिले तर करंजी चार दिवसांत खवट होते. लाटी पातळ लाटून, सारण मधोमध घालून, कडेला दुधाचे बोट फिरवून अर्धचंद्र मिटायचा आणि कातण्याने नागमोडी कड कापायची. एक जण लाटते, एक भरते, एक कातते आणि सर्वांत वडील बाई कढईपाशी बसते, असा हा चौघींचा उद्योग असतो. गोव्यातील ख्रिस्ती घरात हीच करंजी नेवरी होऊन नाताळच्या कुसवारात दोदोल, कुळकुळे आणि बेबिंक यांच्या पंक्तीस बसते. घाटाखालच्या आणि घाटावरच्या ह्या बहिणींची शतकानुशतके गाठ पडली नव्हती, तरी सणाला दोघींनी एकच पदार्थ निवडला, याचे मला नेहमी नवल वाटते.

केक उशिरा आला, आणि आला तोही येथल्या रीतीने. मराठी घरात चूल होती, भट्टी नव्हती. शहरात रव्याचे किंवा मैद्याचे मिश्रण पत्र्याच्या डब्यात घालून बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची सोय असे. खेड्यात ती कोठून असणार? तेथे जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर पसरून, त्यावर तूप लावलेला डबा ठेवून, झाकणावर निखारे रचून केक भाजला जाई. खाली मंद आच आणि वर निखारे ही युक्ती विलायतेहून शिकण्याची आवश्यकता नव्हती. गोव्यात बेबिंकेचा एकेक थर असाच वरून निखाऱ्याची धग देऊन भाजीत आले आहेत. परदेशी पाकवलेल्या फळांऐवजी कोहळ्याचा पेठा, बेदाणे आणि चारोळी पडू लागली. आणि दुपारच्या जेवणात विलायती पक्वान्न नाहीच: मटणाचा रस्सा, भाकरी किंवा पोळी, आणि ऐपत असल्यास बिर्याणी. जुन्नर-आंबेगावच्या मुलखात तर पाहुण्यासाठी मासवडी करण्याची रीत सर्व जातिधर्मांच्या अंगवळणी पडलेली आहे. बेसनाच्या शिजवलेल्या गोळ्याची फडक्यावर थापलेली पोळी, तिच्या पोटात तीळ, सुके खोबरे, लसूण आणि कांद्याचे तिखट सारण, गुंडाळून माशासारखा आकार, आणि सोबत झणझणीत काळा रस्सा. ज्या मुलखात मान राखण्याची ही भाषा आहे, तेथे केकची सत्ता नाश्त्यापुरतीच राहावी हे योग्यच आहे.

सजावटीची कथाही अशीच. सूचिपर्णी वृक्ष या पठारावर होत नाही, म्हणून सुरूची फांदी आणून ती मातीच्या कुंडीत रोवण्याची चाल पडली, आणि कापूस तोडून तिच्यावर हिम म्हणून पसरण्यात आले. ज्यांनी हिम जन्मात पाहिले नाही त्या मुलांनी ते मोठ्या निष्ठेने पसरले. पण घराची ओळख ठरली ती चांदणीने. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून पाच टोकांचा सांगाडा करायचा, त्याच्या मध्यभागी आडव्या काड्यांनी फुगवटा द्यायचा, पिठाच्या खळीने पतंगी कागद चिकटवायचा, आणि आत दिवा ठेवून तो उंच बांबूला टांगायचा. ज्या हाताने आकाशकंदील केला त्याला चांदणी करण्यास निराळे शिक्षण नको होते. जुन्नर हे एकेकाळी हातकागदाचे नामांकित ठिकाण. येथील कागदी कारागिरांचा टिकाऊ कागद मराठी दप्तरांत वापरला गेला. तो कागद लेखणीसाठी होता, दिव्याचा उजेड बाहेर पडू देण्यासाठी नव्हे. चांदणीचा झिरझिरीत कागद बाहेरूनच येई. उंबऱ्यापुढे रांगोळी मात्र घरचीच. मिशनच्या कित्येक पाद्र्यांना रांगोळीत मूर्तिपूजेचा वास येई, परंतु मराठी स्त्रीने अंगण सारवले की ते मोकळे ठेवणे तिच्या जिवावर येते. तिने ठिपक्यांतून चांदणी काढली, आणि वाद मिटला.

गोठ्याची आरास ही रोमन कॅथलिक घरांची देणगी. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासून ती परंपरा सांगतात. पुणे-अहमदनगरच्या बाजूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले जेझुइट बहुतेक जर्मन होते, आणि झाड व गव्हाणी ही दोन्ही त्यांच्या माहेरची प्रिय चाल. येथे त्या गव्हाणीतली हिरवळ कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी परडीत किंवा ताटलीत माती पसरून नाचणी वा गहू पेरतात, रोज पाणी शिंपडतात, आणि सणापर्यंत बोटभर कोवळे अंकुर उभे राहिले की ते बाळ येशूच्या गोठ्याभोवती मांडतात. नवरात्रात घटापाशी जे धान्य रुजते, त्याचेच हे भावंड नव्हे, असे कोण म्हणेल?

भेटींबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण गरिबांच्या समाजात भेट म्हणजे नवे कापड. वर्षात एकदा मिळणारा सदरा, परकर, लुगडे ते नाताळला मिळे, आणि दुष्काळानंतरच्या वर्षांत मिशनच्या वसतिगृहांतील अनाथ मुलांना तेही परदेशच्या संडेस्कूलांतून आलेल्या पेट्यांच्या आधारे. त्या पेट्यांत बाहुल्या असत, वापरलेली रंगीत कार्डे असत. खरी देवघेव होती ती ताटाची. दिवाळीस हिंदू शेजाऱ्याकडून फराळाचे ताट येई. ते रिकामे परत करू नये हा आपल्याकडचा सर्वमान्य रिवाज. मग नाताळला विणलेल्या रुमालाखाली झाकलेले ताट उलट दिशेने जाई. एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य असलेल्या काळात हे किती घरांत चालले असेल, याबद्दल मी भोळी समजूत बाळगीत नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली म्हणून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले होते, आणि ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबे तर गावकुसाबाहेरची होती. म्हणून ज्या पहिल्या शेजारणीने ते ताट हाती घेतले आणि त्यातली करंजी आपल्या मुलाच्या हातावर ठेवली, तिचे नाव कोणत्याही बखरीत नसले तरी तिची योग्यता मी लहान मानीत नाही.

आणि मग गाणे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अहमदनगरच्या परिसरात राहून मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा घाट दिला. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेल्या शब्दांपेक्षा तुकोबांच्या छंदातले शब्द खेड्यातल्या माणसाच्या जिभेवर सहज बसले. उपासना संगीत या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांना जो मान आहे तो त्यामुळेच. नाताळच्या आधीच्या रात्री पेटी, ढोलकी आणि झांजा घेऊन गाणाऱ्यांचा मेळा वस्तीतून दारोदार फिरतो, आणि प्रत्येक दारी थांबून ख्रिस्तजन्माची पदे म्हणतो, तेव्हा वारकऱ्यांच्या दिंडीची आठवण ज्याला होत नाही त्याला या मातीचा कान नाही असेच म्हणावे लागेल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची स्मृतिचित्रे वाचताना मला सर्वांत जास्त हेच जाणवते की, धर्म बदलल्यावरही त्या घरातले स्वयंपाकघर, माणसांची वर्दळ आणि भाषेचा ठसका मराठी राहिला.

१९७० च्या नोव्हेंबरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि अमेरिकन मिशनच्या परंपरेतील व अँग्लिकन परंपरेतील मंडळ्या एका छत्राखाली आल्या. नाताळ न पाळणाऱ्यांचे वारस आणि तो पंचांगात लिहून ठेवणाऱ्यांचे वारस एकाच वेदीपुढे गाऊ लागले. घरातल्या सणात मात्र त्याने काही बदलले नाही, कारण तेथे ही एकी कधीच झालेली होती.

आता एक विनंती आहे. जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या, मिशनच्या शाळांची दप्तरे, हस्तलिखित गीतांच्या वह्या आणि आजीच्या हातची पदार्थांची टिपणे वाळवीच्या तोंडी जात आहेत. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना येत्या नाताळच्या सुट्टीत अशा घरांत पाठवावे. वृद्ध बायांपुढे बसून, त्यांचा नाताळ कसा होता, केक कशावर भाजत, चांदणी कोण बांधी आणि ताट कोणाकडे जाई, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. लेणी आणि किल्ले आणखी शेकडो वर्षे उभे राहतील. सांगणाऱ्या बाया तेवढ्या थांबणार नाहीत.